शून्याचे राखणदार : कॅप्टन शंकर लक्ष्मण

आपल्या करवीरनगरीला खेळाचे वेड काही नवे नाही. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे फुटबॉल संघ उतरले की निम्मे शहर तिकडे लोटते, आणि खासबागेत कुस्त्यांचे मैदान भरले की उरलेले निम्मे तिथे जाऊन बसते. या गर्दीत उभे राहून मी एक गोष्ट अनेकदा पाहिली आहे. गोल करणाऱ्या गड्याला लोक खांद्यावर घेऊन मिरवतात. गोल अडवणारा गडी मात्र सामना संपल्यावर आपले हातमोजे काढत एकटाच बाहेर चालत येतो. त्याची आठवण लोकांना होते ती त्याच्याकडून चूक झाली म्हणजे. एक गोल सुटला की सात पिढ्यांचा उद्धार होतो. सात गोल अडवले तर कोणी मोजीत नाही.

गाणे शिकवणाऱ्या माणसाने खेळाविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण दरबारी गवयांच्या घरात वाढलेल्या माणसाला ही स्थिती अनोळखी नसते. मैफलीत तंबोरा धरून बसणाऱ्याचे तसेच असते. रात्रभर तो एकच सूर राखतो. त्याच्या आधारावर गायक सारी उड्डाणे करतो, आणि दाद अर्थातच गायकाला मिळते. तंबोरा उतरला तरच श्रोत्यांची मान तिकडे वळते. म्हणून भारतीय हॉकीच्या इतिहासातील एका गोलरक्षकाचे चरित्र मला फार दिवस खुणावीत होते. त्या माणसाने आपला शिपाईगिरीचा आरंभ लष्करी बँडमध्ये केला आणि ज्या पलटणीत तो आयुष्यभर राहिला तिचे घर आपल्या शेजारी, बेळगावात आहे, हे कळल्यावर तर लिहिल्यावाचून राहवेना. ते गोलरक्षक म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचे कॅप्टन शंकर लक्ष्मण.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी माळव्यात, महू येथे झाला. इंदूरपासून जवळच असलेले महू हे छावणीचे गाव. १८१८ मध्ये होळकरांशी मंदसोरचा तह झाल्यावर इंग्रजांनी तिथे आपली फौज ठेवली आणि तेव्हापासून ते गाव बिगुलावर उठते आणि बिगुलावर झोपते. मराठी माणसाला हे गाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ मध्ये याच छावणीत झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी त्या वेळी तिथे लष्करी नोकरीत होते. शंकर लक्ष्मण यांचे घराणे मूळचे राजस्थानातील शेखावतांचे. घरची श्रीमंती नव्हती. छावणीच्या आसपासच्या गावांतील मुलांना त्या काळी दोनच वाटा दिसत, एक शेतीची आणि दुसरी फौजेची. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी चौदा वर्षांच्या या मुलाने दुसरी वाट धरली. त्याची भरती बंदूक घेऊन लढणाऱ्या शिपायांत झाली नाही. ती झाली बँडमध्ये.

लष्करी बँड म्हणजे नुसती करमणूक, असा आपल्याकडे एक समज आहे. तो खरा नाही. पलटणीची चाल बँड ठरवतो. लाइट इन्फंट्रीची चाल तर साध्या पायदळाहून जलद, मिनिटाला १४० पावलांची. ती लय शेकडो माणसांच्या पायांत सारखी उतरवायची म्हणजे वाजवणाऱ्याच्या अंगी ताल मुरलेला असावा लागतो. लढाईच्या वेळी हेच बँडवाले वाद्ये बाजूला ठेवून स्ट्रेचर उचलतात आणि गोळीबारात जखमींना मागे आणतात. स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येऊ न देता सर्वांच्या आवाजात तो मिसळायचा, आणि वेळ आली की धोक्याच्या जागी निमूटपणे उभे राहायचे, असे हे शिक्षण आहे. पुढे गोलात उभे राहताना हे शिक्षण त्यांच्या कामी आले असेल असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, आणि तो संगीतशिक्षकाचा तर्क म्हणूनच वाचकांनी घ्यावा.

इथे एक योगायोग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले पं. कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ च्या आरंभी माळव्यात देवासला राहायला गेले आणि १९९२ मध्ये त्यांनी देह ठेवला तो तिथेच. बेळगावचा एक सूर माळव्याने असा सांभाळला. त्याच सुमारास माळव्याचा एक मुलगा बेळगावच्या पलटणीच्या पटावर आला. दोघांची भेट झाली की नाही हा प्रश्न इथे नाही. पण दोन मुलखांची ही देवघेव बरोबरीची झाली, एवढे खरे.

मराठा लाइट इन्फंट्रीविषयी आपल्या वाचकांना फारसे सांगायला नको. निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या टापूत जुनी अशी घरे विरळा, की ज्या घरातला एक तरी माणूस या पलटणीत नव्हता. पलटणीची परंपरा १७६८ पासूनची. तिचे केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे. रंगरूट तिथे घडतो, शपथ तिथे घेतो, आणि मग ज्या बटालियनला नेमणूक होईल तिथे जातो. आमच्या संस्थानची फौज राजाराम रायफल्स हीसुद्धा विलीनीकरणानंतर याच रेजिमेंटमध्ये सामील झाली आणि १९ वी मराठा म्हणून आजही ओळखली जाते. शंकर लक्ष्मण हे ५ व्या मराठाचे. त्यांची मातृभाषा कोणती, गोत्र कोणते, हे पलटणीने विचारले नाही. मराठा पलटणीचा पोषाख एकदा अंगावर चढला की माणूस मराठा झाला, हा तिथला रिवाज.

खेळाच्या बाबतीत त्यांचा ओढा आरंभी फुटबॉलकडे होता. पायाने चेंडू अडवण्याची आणि त्याला दिशा देण्याची सवय तिथली. पुढे ते हॉकीकडे वळले आणि गोलरक्षक झाले. त्या काळच्या गोलरक्षकाचे रूप आजच्या मुलांनी डोळ्यांसमोर आणून पाहावे. आज तो चिलखत घातल्यासारखा असतो. डोक्याला शिरस्त्राण, तोंडावर जाळी, छातीला कवच, हातांना जाडजूड संरक्षण. शंकर लक्ष्मण यांच्याजवळ पायांना पॅड, बुटांवर जाड चामडे, हातांत साधे मोजे आणि एक हॉकी स्टिक, एवढेच काय ते होते. डोके आणि तोंड उघडे. साडेपाच औंसांचा कठीण चेंडू कोपऱ्यावरच्या फटक्यानंतर सरळ अंगावर येई. मैदान गवताचे, चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. मागे १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच चौकट. एवढी जागा एका माणसाने राखायची. त्यासाठी धैर्य लागतेच, पण धैर्यापेक्षा अधिक लागतो तो अंदाज. पुढचा गडी कोणत्या पायावर भार देतो, मनगट कसे वळवतो, हे फटका बसण्यापूर्वीच ओळखावे लागते.

त्या वेळी आपल्या देशात हॉकी हा पोटापाण्याचा धंदा नव्हता. खेळून कोणाचे घर चालत नसे. नावाजलेले बहुतेक खेळाडू सेनादलात, रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी करीत आणि खेळत. शिपायाचा खेळाचा हंगाम सुरू होई तो बटालियनच्या मैदानावर. कंपनी कंपनीशी खेळे, बटालियन बटालियनशी. त्यातून निवडून निघालेले पुढे सेनादलाच्या संघात जात. मग राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने येत. शिवाय मुंबईची आगाखान चषक स्पर्धा आणि १८९५ पासून चालत आलेली कलकत्त्याची बेटन चषक स्पर्धा होत्याच. प्रवास रेल्वेचा, मुक्काम बराकीत, आणि मोबदला म्हणजे महिन्याचा तोच पगार. अशा हंगामांच्या चाळणीतून शंकर लक्ष्मण वर आले. १९५५ मध्ये सेनादलाच्या संघात त्यांचे नाव झाले आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या ऑलिंपिकसाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली. बँडमध्ये भरती झालेला मुलगा नऊ वर्षांत देशाचा गोलरक्षक झाला.

१९५६ सालचा तो हिवाळा आपल्या सीमाभागाच्या मनात वेगळ्याच कारणाने कोरलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेली. त्या दुःखाची कथा इथे उगाळायची नाही. ती ज्याच्या त्याच्या घरात आहे. पण त्याच दिवशी महू ज्या मध्यभारत राज्यात होते तेही नाहीसे झाले आणि मध्यप्रदेशात मिळाले. म्हणजे शंकर लक्ष्मण यांचे जन्मगाव आणि त्यांच्या पलटणीचे गाव, दोन्हींचे राज्य एकाच दिवशी बदलले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, हा शिपाई मेलबर्नला पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामन्यात उभा होता. नकाशावरच्या रेषा कोणी आणि कशा हलवल्या हे त्याच्या हाती नव्हते. त्याच्या हाती होती ती पाठीमागची एक पांढरी रेषा.

त्या स्पर्धेचे आकडे आजही नवल वाटावे असे आहेत. भारताने अफगाणिस्तानला १४, अमेरिकेला १६ आणि सिंगापूरला ६ गोलांनी हरवले. उपान्त्य सामन्यात जर्मनीवर आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानवर प्रत्येकी एका गोलाने मात केली. पाच सामन्यांत ३८ गोल केले आणि भारतावर एकही गोल झाला नाही. पहिल्या तीन सामन्यांत गोलरक्षकाला थंडी वाजण्यापलीकडे काम नव्हते असे कोणी म्हणेल. शेवटच्या दोन सामन्यांत मात्र खरी परीक्षा होती. कर्णधार बलबीरसिंग यांचे बोट मोडलेले होते आणि तशा स्थितीत ते खेळत होते. रणधीरसिंग जंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर गोल केला, तो एकच. उरलेल्या वेळात पाकिस्तानने बरोबरी साधू नये एवढेच बाकी होते. ती बरोबरी झाली नाही. सुवर्णपदक आले. लोकांनी गोल करणाऱ्याचे नाव लक्षात ठेवले, आणि ते योग्यच झाले.

पुढची सहा वर्षे कडू होती. १९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई खेळांत हॉकीचा प्रथमच समावेश झाला. भारत आणि पाकिस्तान यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, पण स्पर्धेतील एकूण गोलांच्या सरासरीवर सुवर्ण पाकिस्तानला गेले. न हरता दुसरा क्रमांक पत्करावा लागला. १९६० मध्ये रोमला याहून मोठा घाव बसला. १९२८ पासून सलग सहा ऑलिंपिकांत भारताने हॉकीचे सुवर्णपदक कोणाला घेऊ दिले नव्हते. ९ सप्टेंबर १९६० रोजी अंतिम सामन्याच्या पूर्वार्धातच पाकिस्तानच्या नासीर अहमद यांचा एक फटका गोलात गेला. तो गोल फिटला नाही. बत्तीस वर्षांची परंपरा एका गोलाने मोडली, आणि त्या वेळी गोलात उभे होते शंकर लक्ष्मण.

अशा वेळी त्या माणसावर काय ओढवत असेल, याची कल्पना करून पाहावी. आघाडीच्या पाच खेळाडूंना सबंध सामन्यात एकही गोल करता आला नाही, हे त्या पराभवाचे तितकेच मोठे कारण होते. पण पराभवाचे चित्र लोकांच्या मनात उभे राहते ते जाळीत अडकलेल्या चेंडूचे आणि त्याच्या शेजारच्या एका माणसाचे. दरबारात ऐन रंगात सूर ढळलेला गवई दुसऱ्या दिवशी पुन्हा तंबोरा घेऊन बसतो की नाही, यावर त्याची जात कळते, असे आमच्या घरचे जुने लोक मानीत. शंकर लक्ष्मण पुन्हा उभे राहिले. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत भारताला पुन्हा पाकिस्तानकडून २-० अशी हार पत्करावी लागली. तीन स्पर्धा, तीन रौप्यपदके. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर स्टिक खुंटीला टांगली असती. पलटणीच्या माणसाने हंगाम सुरू होताच पुन्हा बटालियनच्या मैदानापासून आरंभ केला.

१९६४ चे टोकियो ऑलिंपिक हे त्या चिकाटीचे फळ होते. चरणजितसिंग कर्णधार होते. संघात बेळगावचे बंडू पाटील होते. म्हणजे एक बेळगावच्या मातीचा आणि एक बेळगावच्या पलटणीचा, असे दोन मोहरे आपल्या भागाने त्या संघाला दिले होते. मार्ग सोपा नव्हता. जर्मनी आणि स्पेन यांच्याविरुद्धचे सामने बरोबरीत सुटले. उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाला ३-१ असे हरवून भारत अंतिम सामन्यात आला, आणि समोर पुन्हा पाकिस्तान.

२३ ऑक्टोबर १९६४. पूर्वार्ध गोलावाचून गेला. उत्तरार्धात पृथिपालसिंग यांचा पेनल्टी कॉर्नरवरचा फटका गोलरेषेवर पाकिस्तानच्या मुनीर दार यांच्या पायाला लागला आणि भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. मोहिंदर लाल यांनी त्याचे सोने केले. त्यानंतरची कथा ही एकट्या शंकर लक्ष्मण यांची म्हणावी लागेल. रोमची गादी टिकवण्यासाठी पाकिस्तानने लाटांवर लाटा चढवल्या. चेंडू डावीकडून आला, उजवीकडून आला, गर्दीतून दिसेनासा होऊन अचानक पुढे आला. एकतीस वर्षांचा तो शिपाई प्रत्येक वेळी चेंडूच्या वाटेत उभा होता. कधी पाय, कधी स्टिक, कधी सारे शरीर. रोममध्ये एक गोल गेल्यावर परंपरा तुटली होती. इथे एक गोल जाऊ न दिल्याने ती पुन्हा जोडली गेली. सामना संपला तेव्हा फलक तोच होता, भारत १, पाकिस्तान ०. ज्यांनी तो सामना पाहिला, त्यांनी या वेळी मात्र गोल करणाऱ्याइतकेच गोल राखणाऱ्याचेही नाव घेतले. त्याच वर्षासाठी सरकारने त्यांना अर्जुन पुरस्कार दिला.

१९६६ मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांसाठी भारताचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. गोलरक्षकाला कर्णधार नेमण्याचा रिवाज हॉकीत नव्हता. कर्णधार म्हणजे मैदानाच्या मध्यभागी किंवा आघाडीवर वावरणारा, असा सगळीकडचा समज. आंतरराष्ट्रीय हॉकीत संघाचे नेतृत्व करणारे पहिले गोलरक्षक म्हणून शंकर लक्ष्मण यांचे नाव घेतले जाते. वास्तविक सबंध मैदान दिसते ते मागे उभ्या असलेल्या माणसालाच. कोण थकला, कोणाची जागा सुटली, कोणत्या बाजूने धोका येतो आहे, हे त्याला सर्वांआधी कळते. बँकॉकला अंतिम सामना पुन्हा पाकिस्तानशीच झाला. नेहमीच्या वेळात एकही गोल झाला नाही. जादा वेळात बलबीरसिंग (मेलबर्नचे कर्णधार ते हे नव्हेत) यांनी गोल केला आणि भारताने आशियाई खेळांतील हॉकीचे आपले पहिले सुवर्णपदक मिळवले. आठ वर्षांपूर्वी टोकियोत सरासरीवर गेलेले सोने असे परत आले. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथे थोडा हिशेब मांडून पाहू. १९५६, १९६४, १९६६. तीन सुवर्णपदके, तिन्ही पाकिस्तानविरुद्ध, आणि तिन्ही वेळा भारताचा गोल एकच. तीन अंतिम सामन्यांत मिळून तीन गोल! या एकाएका गोलाला सुवर्णाची किंमत आली ती समोरच्या शून्यामुळे. त्या शून्याचे राखणदार होते शंकर लक्ष्मण. कोणत्याही वर्षी तो आकडा शून्याचा एक झाला असता, तर आज आपण ज्यांना अमर म्हणतो त्या गोलांची कहाणी वेगळीच झाली असती. एकावर शून्य ठेवले की दहा होतात हे शाळेत शिकवतात. एकाच्या समोर शून्य टिकवून ठेवले तर काय होते, हे या माणसाने दहा वर्षे शिकवले.

पुढे जे झाले ते आपल्याकडे नेहमी होते तसे झाले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही. भारत त्या वेळी प्रथमच अंतिम फेरी गाठू शकला नाही आणि कांस्यपदकावर समाधान मानून परतला. शंकर लक्ष्मण यांनी स्पर्धात्मक हॉकीला रामराम ठोकला. पलटणीची नोकरी मात्र चालू होती. ती त्यांनी १९७९ पर्यंत केली आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन या हुद्द्यावर निवृत्त झाले. बँडमधल्या पोरापासून कॅप्टनपर्यंतचा हा प्रवास ३२ वर्षांचा. निवृत्तीनंतर ते जन्मगावी, महूला परतले.

उतारवयात त्यांच्या पायाला गँगरीन झाले. गोलरक्षकाचे पायच ते. त्याच पायांनी त्यांनी तीन सुवर्णपदके अडवून धरली होती. औषधोपचारासाठी पैशाची ओढाताण झाली. ऑलिंपिकची तीन पदके घरात असलेल्या माणसाच्या उपचारांची तरतूद व्हावी म्हणून वर्तमानपत्रांतून लिहावे लागले. २९ एप्रिल २००६ रोजी महू येथे त्यांनी प्राण सोडला. तेव्हा त्यांचे वय ७२ वर्षांचे होते.

या शेवटाबद्दल कोणा एकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. तसे करण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण दोषाचा वाटा आपणा सर्वांकडे येतो. संस्थानी काळात गवयाला, पैलवानाला, चित्रकाराला पदरी ठेवीत. त्या पद्धतीत लाचारी होती, लहर होती, आणि राजाची मर्जी फिरली की पोट फिरत असे. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण म्हातारा झालेला पैलवान तालमीच्या ओट्यावर बसला तरी त्याचा खुराक सुटत नसे, हेही तितकेच खरे. छत्रपती शाहू महाराजांच्या कोल्हापूरला हे मुद्दाम सांगायला नको. राजाश्रय गेला आणि लोकाश्रय आला, असे आपण अभिमानाने म्हणतो. लोकाश्रय म्हणजे विजयाच्या दिवशी वाजवलेली टाळी, एवढाच अर्थ आपण घेतला का, असा प्रश्न शंकर लक्ष्मण यांच्या चरित्राशी आले की मनात उभा राहतो.

दुसरा प्रश्न आपलेपणाचा. शंकर लक्ष्मण कोणाचे? घराण्याने राजस्थानचे, जन्माने माळव्याचे, पलटणीने मराठे. महूने त्यांना आपले म्हणावे हे रास्तच आहे. पण बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यातल्या लोकांनी त्यांना परके मानावे, असे मला वाटत नाही. आपल्या भागाला माणूस कोणत्या राज्याचा यावर वाद घालण्याची सवय झाली आहे, आणि ती का झाली हे आपण जाणतो. या माणसाने मात्र ज्या रेषेवर त्याला उभे केले ती रेषा निष्ठेने राखली, आणि ती राखताना त्याच्या छातीवर देशाचे नाव होते, मनात मराठा पलटणीची शिस्त होती. असा माणूस ज्याला त्याची आठवण ठेवावीशी वाटते त्याचा असतो.

आमच्या शहरात हॉकीचे स्वतंत्र स्टेडियम आहे आणि त्याला मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे. ते उचितच आहे. तिथे आणि बेळगावच्या कॅम्पातील मैदानांवर आज जी मुले स्टिक घेऊन उतरतात, त्यांना ध्यानचंद ठाऊक असतात. गोलात कोण उभे राहणार असे विचारले की मात्र मुले एकमेकांकडे पाहू लागतात आणि शेवटी जो थोडा भिडस्त असेल त्याला पुढे ढकलले जाते. त्या मुलाला शिक्षकाने बाजूला घेऊन ही कथा सांगावी. बँडमध्ये भरती झालेला एक मुलगा होता, त्याने तीन वेळा जगातल्या उत्तम संघासमोर शून्य राखले, एकदा त्याच्याकडून एक गोल सुटला आणि तो तरीही परत येऊन उभा राहिला, एवढे सांगितले तरी पुरे. सामना सुटल्यावर जे लोक गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतील, त्यांतल्या दोघांनी तरी मागे वळून त्या मुलाच्या हातातले मोजे उतरवायला मदत करावी. कॅप्टन शंकर लक्ष्मण यांचे ऋण थोडेफार फेडण्याची आपल्याला जमण्यासारखी रीत ती हीच.